डाळिंबाच्या बागेसाठी भाड्याच्या मधपेट्या

सांगोल्याजवळील आमच्या दोन एकर भगवा वाणाच्या डाळिंबाच्या बागेत परागीभवनासाठी आंबिया बहरात (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या फुलोऱ्यात) एका मधपाळाकडून मेलिफेरा (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय) मधमाश्यांच्या चार पेट्या भाड्याने घेतल्या. माश्या आत परतल्यावर, रात्रीच, त्या आणल्या गेल्या. मात्र फुलोरा सुरू होऊन आठवडा उलटला होता, आणि हा उशीर खटकला. डाळिंबाला नर आणि उभयलिंगी अशी दोन्ही फुले येतात व फळ उभयलिंगी फुलालाच धरते, त्यामुळे माश्या कितीही राबल्या तरी नर फुले गळणारच, हे मधपाळाने आधीच स्पष्ट सांगितले. एक पेटी दुबळी निघाली, ती विनातक्रार बदलून मिळाली. पेट्या असेपर्यंत कीटकनाशकाची फवारणी टाळायची अट शेजारच्या बागायतदाराला पटवणे मात्र आमच्याच गळ्यात पडले. फळधारणा समाधानकारक झाली. पुढच्या बहरातही पेट्या घेऊ, पण तारीख लेखी ठरवूनच.