लाजऱ्या वाचकाला कोणतं द्यावं: लॉरेन्स की नीन?

शृंगारिक साहित्याच्या कपाटापाशी घुटमळणारा, हातात भलतंच पुस्तक धरलेला वाचक विक्रेत्याला लगेच ओळखू येतो. त्याच्यासाठी डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' सोयीची. १९२८ साली खासगीरीत्या छापलेली ही कादंबरी १९६० मध्ये लंडनच्या अश्लीलतेच्या खटल्यातून निर्दोष सुटली, त्यामुळे काउंटरवर ती 'अभिजात' म्हणून बिनदिक्कत ठेवता येते. शृंगार यायला मात्र बरीच पानं जातात. मधे खाणी, वर्गभेद आणि लेखकाची प्रवचनं. लाजऱ्याला हा उशीर पथ्यावरच पडतो.

अनाइस नीनचा 'डेल्टा ऑफ व्हीनस' कथासंग्रह उलट थेट मुद्द्यावर येतो. एका अनाम ग्राहकासाठी पानाला डॉलर या दराने १९४० च्या दशकात लिहिलेल्या या कथा तिच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये छापून आल्या. त्या ग्राहकाला काव्य नको होतं, तरी तिची भाषा काव्यमयच राहिली. कथा सुट्या, नको ती सोडता येते. पण पहिलीच गोष्ट इतकी अस्वस्थ करते की पूर्वसूचना न देता हे पुस्तक कुणाच्या हातात देऊ नये.

मी पहिल्यांदा लॉरेन्सच देईन. नीन हवी असेल तर तो वाचक परत येऊन स्वतः विचारतो, आणि तेव्हा आवाज जरा मोठा झालेला असतो.