नो मॅन्स स्काय की सायबरपंक?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या भाच्याच्या साठवलेल्या पैशांत या दोनपैकी एकच व्हिडिओ गेम बसत होता. दोन्हींनी सुरुवातीला खेळाडूंचा हिरमोड केलेला.

२०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’ या अंतराळात भटकायच्या गेममध्ये ग्रह अगणित, पण एकाच ग्रहावर पोहोचलेले दोघे खेळाडू एकमेकांना दिसेनात! खरं मल्टिप्लेअर, म्हणजे एकमेकांसोबत खेळणं, २०१८ मध्ये आलं. तेही फुकट, आणि त्यानंतरचे मोठे अपडेटही फुकटच. चूक निस्तरावी तर अशी.

२०२० चा ‘सायबरपंक २०७७’ सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेमिंग कन्सोलवर इतका अडखळला, की सोनीने काही महिने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरूनच काढला. कथा मात्र जबरदस्त. २०२३ च्या २.० अपडेटने तो खूप सुधारला, पण ते अपडेट प्लेस्टेशन ४ साठी नाही.

भाच्याकडे प्लेस्टेशन ४ च आहे, त्यामुळे पहिलाच घ्यायला लावला. काल त्याने जांभळ्या गवताच्या एका ग्रहाला ठाण्यातल्या तळ्याकाठचं नाव दिलं, ‘तलावपाळी’.