बाबांची स्मरणपुस्तिका आणि परतवाड्याचा छापखाना

माझे वडील २८ वर्षांच्या सेवेनंतर २००५ साली महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना देवाज्ञा झाली. पहिल्या स्मृतिदिनी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होणाऱ्या उपासनेसाठी एक स्मरणपुस्तिका काढावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व शाळांचे अहवाल छापणाऱ्या परतवाड्यातील (जि. अमरावती) एका जुन्या छापखान्याकडे ते काम सोपवले. खेड्यापाड्यांतून असे काम करून घेणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

काम असे होते: बत्तीस पाने, म्हणजे दोन फर्मे, आतला कागद मॅपलिथो, फोटोंची चार पाने आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ रंगीत आणि प्रती दोनशे. सर्व मिळून चौदा हजार रुपये ठरले आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागली. पहिल्या दिवशी मालकांनी तयार नमुने पुढे ठेवले, त्या प्रत्येकावर समई आणि कमळ होते. आमच्या घरी क्रूस लागेल, असे सांगताच त्यांनी नमुने बाजूला सारले, कोरा कागद घेतला आणि बाबांचा दिनक्रम कसा होता, एवढेच विचारले. मला हा प्रश्न फार योग्य वाटला, कारण बाबांच्या आयुष्यात पलटण, घर आणि मंडळी यांचे वेगवेगळे कप्पे नव्हतेच. निवृत्तीनंतरही ते पहाटे साडेचारला उठत, संत्र्याच्या बागेला पाणी सोडून येत, आणि रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी स्वतः घंटा वाजवून बाके पुसून ठेवत. मंडळीच्या खजिनदारपदाच्या सर्व वर्षांत त्यांनी हिशेबाची वही ज्या काटेकोरपणे ठेवली, तो काटेकोरपणा १९७७ साली रेजिमेंटच्या सागर (मध्य प्रदेश) येथील प्रशिक्षण केंद्रात अंगी बाणला होता, असे ते स्वतःच सांगत.

छापखान्याची खरी कसोटी अक्षरजुळणीत लागली. आम्ही मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता आणि छापखान्यात काम श्रीलिपी या वेगळ्या अक्षरसंचाच्या प्रणालीत चालते. रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात, विशेषतः ‘दुसऱ्या’ किंवा ‘चौऱ्याऐंशी’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र हमखास बिघडतो, म्हणून पहिले प्रूफ एकट्याने न वाचता दोघांनी मिळून मोठ्याने वाचावे. त्यापेक्षा अवघड चूक वेगळीच होती. जुळणी करणाऱ्या मुलाने आमच्या मजकुरातील ‘पाळक’ (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) हा शब्द अशुद्ध समजून सगळीकडे ‘पालक’ करून टाकला होता, त्यामुळे ‘मंडळीच्या पालकांनी दफनविधी चालवला’ असे विचित्र वाक्य तयार झाले. बायबलमधील दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रातल्या वचनातील ‘सुयुद्ध’ या शब्दावर मात्र तो थांबला आणि मालकांनी रात्री नऊ वाजता फोन करून हा शब्द असाच ठेवायचा का, हे विचारून घेतले. ख्रिस्ती मराठीची त्यांना सवय नाही, पण शंका आली की विचारण्याची सवय आहे, आणि छापखान्याकडून माझी अपेक्षाही तेवढीच असते.

मुखपृष्ठावरच्या फोटोची गोष्ट सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. भाच्याने भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढून पाठवला होता. प्रूफ पाहताना मालक म्हणाले, “दादा, हे मेडलं उजव्या अंगाले काहून आहेत?” मी तोच फोटो दिवसातून दहा वेळा पाहत होतो आणि माझ्या ते लक्षात आले नव्हते. छायाचित्र आरशातल्यासारखे उलटले होते. सैनिक आपली पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतो. त्यांनी मूळ फ्रेम मागवली, मागची खिळपट्टी स्वतः काढली, काचेला चिकटलेला कोपरा धीराने सोडवला आणि नव्याने स्कॅन केले. नऊ वर्षांच्या व वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके आणि १९९७ चे स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे पदक आता त्या फोटोत आपापल्या जागी आहेत. याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

रेजिमेंटविषयीचे पान मी लांबलचक लिहिले होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात झालेली स्थापना आणि नंतरचा इतिहास त्यात होता. मालकांनी ते निम्मे करावे असे सुचवले, आणि ते बरोबर होते. त्यातला एकच परिच्छेद मी काढू दिला नाही. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हुतात्मा झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. बाबा त्या बटालियनमध्ये नव्हते, तरी दरवर्षी त्या तारखेला घरच्या सायंप्रार्थनेत ते मेजरसाहेबांचे नाव घेऊन उभे राहत आणि आम्हा मुलांनाही उभे करत.

पुस्तिकेतला सर्वांत चांगला भाग म्हणजे मधल्या दोन पानांवर पसरलेले आंतरदेशीय पत्र. मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘५६ ए.पी.ओ.’ हा सैन्याच्या टपालाचा पत्ता, आत शाईचे बारीक अक्षर: मनीऑर्डरच्या रकमेतून खताचे किती, बहिणीच्या फीचे किती, आणि सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, दशांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे, किती. निळ्या कागदावरची निळी शाई छापली तर काहीच वाचता येत नाही. मालकांनी पार्श्वभूमी फिकट राखाडी केली, अक्षर गडद केले आणि पत्र मूळ आकारातच ठेवले, त्यामुळे चष्मा न लावता आईला ते वाचता आले.

उणिवा दोन. पंधरा दिवसांचे काम तेवीस दिवसांनी, उपासनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हाती आले आणि तोवर आमचा जीव टांगणीला लागला होता. तारीख पक्की असेल तर महिनाभर आधीच काम द्यावे. दुसरे म्हणजे बांधणी. दोन पिनांवर बत्तीस पाने आणि आर्ट पेपर तग धरत नाहीत. आईच्या प्रतीतले मधले पान, म्हणजे नेमके ते पत्रच, रोजच्या उघडझापीने महिनाभरात सुटले आणि आता ते तिच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात असते. पुन्हा छपाई करताना दोऱ्याची शिलाई घ्यावी आणि पत्र मधल्या पानांवर घेऊ नये, असे मी मालकांना सांगितले आहे. त्यांनी ते माझ्यासमोरच आमच्या कामाच्या पाकिटावर लाल शाईने लिहून ठेवले.