आंब्याला भिरूड लागल्याचं सांगून सोसायट्यांना गंडवणारा माणूस

मुलुंड-भांडुप भागात ज्यांच्या आवारात जुनं आंब्याचं झाड आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

यंदा जानेवारीत आमच्या सोसायटीतल्या आंब्याची पानं काळी पडली, मोहोरही गळत होता. नेमका तेव्हाच हा गृहस्थ गेटवर हजर. खांद्याला फवारणीचा पंप, गळ्यात ओळखपत्र, बोलणं साखरेसारखं. "काका, भिरूड लागलंय, कीड खोड आतून पोखरतेय. पावसाळ्यात झाड सरळ गाड्यांवर येणार." गाड्यांचं नाव निघाल्यावर कमिटी कशाला थांबते! तपासणीचे ५०० ठरले. त्याने खोडात ड्रिल मारलं, भोकात तार घातली आणि टोकाला अडकलेली जाडजूड पांढरी अळी सगळ्यांपुढे धरली. औषध भरायचे भोकामागे ७५०, "चार-पाचात काम होईल" म्हणाला. संध्याकाळी भोकं निघाली १७. म्हणजे १२,७५०, तपासणीचे वेगळे. बाटलीला लेबल नाही, आतल्या पाण्याला फिनेलचा वास. जीपेवर नाव भलत्याच कुणाचं, आणि फोन आता बंद. पोलिसांत अर्ज दिलाय.

अळीचा फोटो मात्र माझ्याकडे होता. माझ्या मेहुण्याची देवगडला कलमं आहेत, त्याला पाठवला. त्याचा लगेच फोन, "भावोजी, ही हुमणी! शेणखतात हवी तेवढी सापडते. पुढचे सहा पाय बघा, अंग कसं वळलंय ते बघा. भिरुडाची अळी लांबट असते, तिला पाय नसतात." म्हणजे अळी त्याने घरूनच आणलेली. खरं भिरूड असेल तर ते खोड पोखरतं आणि भोकातून भुसा बाहेर पडत राहतो. आमच्या बुंध्याशी भुसा होता तो फक्त ड्रिलचा.

पानांच्या काळेपणाचं म्हणाल तर ओल्या बोटाने पान चोळून बघा. काळं निघून खाली हिरवं दिसलं, तर बहुतेक ते तुडतुड्यांचं काम. ते मोहोराचा रस शोषतात, गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. मोहोराजवळची फांदी हलवली की भुर्रकन उडतात. मोहोराचं म्हणाल तर त्यातली बरीचशी फुलं नर असतात, ती गळणारच. त्यात हापूस बऱ्याचदा वर्षाआड धरतो. या माणसाने हे सगळं रोग म्हणून विकलं.

कीटकनाशकाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतोच. नसेल तर बूच उघडू देऊ नका. आमची भोकं मेहुण्याने येऊन साफ केली, वर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावली.

जाताना तो "पुढच्या आठवड्यात मोठी फांदी उतरवू, लाकूड मी नेतो" असंही सांगून गेला होता. फांदी तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, ती त्याच्याकडे कुठली? मराठी अस्खलित बोलतो, वय चाळिशीच्या आसपास, आणि सुरुवात "तपासणीचे फक्त पाचशे" अशीच करतो. वॉचमनला आधीच सांगून ठेवा.