किचन कट्ट्याला ब्लू पर्ल घ्यावा का? शिरोलीच्या यार्डाचा अनुभव

सरळच सांगतो, दगडाला पाचपैकी पाच आणि दुकानाला साडेचार. किचनचं काम काढलेलं, जुना कडाप्पा पार खरबरीत झालेला आणि बायकोला काळं सोडून काहीतरी पाहिजे होतं. हायवेला कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला ग्रॅनाइटची यार्डं आहेत त्यातल्या एकात गेलो, तिथं ब्लू पर्लचा स्लॅब उन्हात उभा करून ठेवलेला. करड्या दगडात अंगठ्याच्या नखाएवढे स्फटिक, आणि आपण एक पाऊल बाजूला सरकलो की त्यातला एकेक निळा-चंदेरी चमकून उठतोय, परत सरकलो की तो विझून शेजारचा लागतोय. मी कॉलेजला जिऑलॉजी घेतलेली त्यामुळं मी हा दगड बघितल्या बघितल्या ओळखला, बाजारात ब्लू पर्ल म्हणतात तो हा लार्विकाइट!

दुकानदार काका म्हणाले, "नॉर्वेचा माल हाय दादा, कुणाला बी विचारा." खरंच आहे ते. नॉर्वेच्या दक्षिणेला लार्विक नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासच्या खाणीतनं हा निघतो. ब्योगर नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमाराला याचं नाव प्रसिद्ध केलं, आणि आता तो त्यांचा राष्ट्रीय दगड आहे. लंडनमधल्या कितीतरी जुन्या पबच्या दर्शनी भिंतींना हाच लावलेला आहे.

पण मला खरं वेड लावलं ते याच्या जन्मानं. साधारण २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वी आजच्या ऑस्लोच्या पट्ट्यात खंड ताणून फाटायला लागलं होतं. पूर्ण फाटलं असतं तर मध्ये समुद्र आला असता, पण ते अर्ध्यातच थांबलं. जमीन अशी ताणली की खालचं प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा दगडाचा जाड थर, थोडंसंच वितळतं, आणि थोडं वितळलं की त्या रसात सोडियम-पोटॅशियम भरपूर उतरतं आणि सिलिका (वाळूत असते तीच) त्या मानानं कमी पडते, म्हणून असल्या दगडांना अल्कली दगड म्हणतात. आज पूर्व आफ्रिकेत केनिया-टांझानियाकडं हेच चालू आहे. आपल्या शेजारी गुजरातमध्ये नर्मदेच्या पट्ट्यात अंबाडोंगरलाही अल्कली दगड आहेत, आणि ते आपल्या दख्खनच्या लाव्हाच्याच काळातले, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. आपल्या पायाखालचा पन्हाळ्यापर्यंतचा काळा बेसाल्ट तोच लाव्हा. तर कट्ट्यावरचा हा पाहुणा आपल्या सह्याद्रीपेक्षा चौपटीनं जुना आहे, मला तर रोज चहा टाकताना हे आठवतं आणि भारी वाटतं.

निळा रंग कुणी भरलेला नाही हे पण सांगतो, कारण शेजारच्या काकूंनी तेच विचारलं. हा रस जमिनीखाली लई सावकाश थंड झाला, तेव्हा त्यातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजामध्ये सोडियमवाला आणि पोटॅशियमवाला भाग वेगळा होत गेला, चिरोट्याला पदर सुटावेत तसे, फक्त हे पदर इतके बारीक की साध्या डोळ्याला दिसत नाहीत. त्यांच्यावरनं उजेड परततो तेव्हा निळं दिसतं. म्हणजे पॉलिश झिजलं तर पुन्हा मारता येतं, चमक दगडाच्या आतच आहे.

यातनंच घेणाऱ्यानं दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे स्लॅब शेडच्या अंधारात पसंत करू नका, बाहेर उन्हात काढायला लावा आणि दोन्ही बाजूंनी चालून बघा. दुसरं, कट्टा एल आकाराचा असेल तर दोन्ही तुकडे एकाच स्लॅबचे आणि शक्यतो एकाच दिशेनं कापलेले पाहिजेत, नाहीतर एक बाजू चमकते आणि दुसरी नुसती करडी दिसते. दुकानदार काकांनी आम्ही न सांगताच स्वतःहून खडूनं बाण मारून कटिंग केलं, तिथंच मी त्यांना मानलं. आणि ट्यूब कट्ट्याच्या बरोबर वर न लावता जरा पुढं लावा, लई फरक पडतो.

वापराचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याचा तेलकट कट, हळद, कांदा-लसूण चटणी सगळं सांडून झालंय, ओल्या फडक्यानं पुसलं की साफ. लिंबू-चिंच मात्र आम्ही रात्रभर तशी ठेवत नाही. यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं कडक खनिज, जवळजवळ नसतो त्यामुळं खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा किंचित मऊ, म्हणून सुरी फळीवरच चालवायची आणि खलबत्त्याखाली फडकं घालायचं. सूक्ष्म चिरा असतात काही स्फटिकात, हात फिरवला तर लागत नाहीत, पण सिंकच्या कटच्या कडेला सीलर मारून घ्या.

तिथं व्होल्गा ब्लू पण दाखवला, तो युक्रेनचा, काळ्यात मधेच एखादा निळा डोळा. छान आहे पण किचनमध्ये अंधारा वाटला असता.

दर ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं, साध्या काळ्या ग्रॅनाइटच्या दुपटीच्या पुढं जातो, मोल्डिंगचे, म्हणजे कडा घडवून घ्यायचे, वेगळे. बजेट ताणलेलं असेल तर सगळीकडं न लावता फक्त कट्ट्याला घ्या आणि मागच्या भिंतीला साधी पांढरी टाइल लावा, आम्ही तसंच केलं आणि उलट निळं जास्त उठून दिसतंय. अर्धा स्टार कापला तो फिटिंगला, मिस्त्री ठरल्या दिवशी आला नाही आणि दोन दिवस गॅस हॉलमध्ये ठेवून स्वयंपाक करावा लागला. नंतर मात्र जॉइंट असा बसवलाय की बोटाला लागत नाही. जाणार असाल तर सकाळी अकरा-बाराला जा, तेव्हा यार्डात स्लॅबवर थेट ऊन असतं, आणि मापाचा कागद बरोबर न्या म्हणजे काका लगेच हिशोब करून देतात.