झुलीने आयाळ झिजतेय? साटीनचं अस्तर, फ्लीस, लायक्रा की वेणी

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे ऐन डिसेंबरात, आणि रात्री झूल चढवायचे दिवसही तेच. मारवाडी घोडा बघायला आलेला माणूस कान बघतो, चाल बघतो आणि आयाळीवरून हात फिरवतोच, तिथे मानेच्या बुडाशी चार बोटं जागा उघडी दिसली की सौदा तिथेच अडतो. आयाळ महिन्याला जेमतेम 2-3 सेंमी वाढते, म्हणजे फूटभर केस परत यायला वर्ष गेलंच समजा.

आधी झूलच घासतेय ना हे बघून घ्या. केसांचे बारीक खुंट उरलेत, कातडी साफ आहे आणि जागा मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर किंवा खांद्यावर आहे, तर झूलच. कोंडा, खपल्या दिसतायत आणि घोडा शेपटीचं बूडपण भिंतीला घासतोय तर उवा किंवा बुरशी असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवा, अस्तरावर पैसे घालू नका.

दुसरं म्हणजे माप. छातीच्या मधोमध टेप धरून अंगाच्या बाजूने मांडीच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं. आपल्याकडे "थोडी मोठीच घे" म्हणतात ते इथे चालत नाही, कारण मोठी झूल मागे सरकते आणि घोडा खाली मान घालून चारा खायला लागला की तिची पुढची कड सगळ्या वजनानिशी त्या उंचवट्यावर ओढली जाते, प्रत्येक घासाला एकदा. घोड्याची मान खाली असताना कडेखाली पंजा सपाट सरकला पाहिजे. सरकत नसेल तर खालचे सगळे उपाय म्हणजे नुसती मलमपट्टी.

माप बरोबर असेल आणि तरी घासत असेल तर माझं मत सरळ साटीनला. जुन्या झुलीला पुढच्या भागात आतून साटीन शिवून घ्या, गावातला कुठलाही टेलर करून देतो, फक्त शिवण उंचवट्यावर येऊ देऊ नका. केस साटीनवरून घसरतात, अडकत नाहीत. फ्लीस म्हणजे लोकरीसारखं केसाळ कापड, हाताला मऊ लागतं म्हणून लोक तेच घेतात, पण त्यात कडब्याचा भुसा, गळलेले केस, घाम सगळं बसतं, चार धुण्यांत ते गाठाळतं आणि मग खरखरीत होऊन तेच घासायला लागतं. दर आठवड्याला धुवायला माणूस असेल तरच फ्लीस.

लायक्रा म्हणजे अंगाला घट्ट बसणारं ताणाचं कापड, त्याचे दोन प्रकार. खांद्यापुरतं जाकीट असतं ते चांगलं, खांद्याचे केस वाचतात, घोड्याला त्रासही कमी. डोक्यासकट येणारा हूड पूर्ण मान झाकतो, आयाळ एका बाजूला छान बसते, पण तो सरकून डोळ्यावर आला तर घोडा बिथरतो, त्यामुळे फक्त तबेल्यात आणि कुणाची तरी नजर असताना. शिवाय आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी 28-30 अंश होतात, सकाळी हूड काढणारा सईस भरवशाचा नसेल तर हूड घेऊच नका.

वेणी लांब आयाळीला उत्तम, गुंता होत नाही, टोकं तुटत नाहीत. पण बुडाशी घासणं वेणीने थांबत नाही, उलट उंचवट्यावरची वेणी झुलीखाली गाठीसारखी टोचते. म्हणून वरच्या आयाळीच्या वेण्या घाला, शेवटचा झुपका मोकळा सोडा. सुरुवात सैल करा आणि आठवड्याने सोडून परत घाला, करकचून घातली की घोडा खाजवतो आणि मुळासकट केस जातात.

आणि झूल मुळात हवीच का? निफाडला पारा 6-7 वर आला तरी धडधाकट, केस न कापलेल्या घोड्याला कोरडा, वारा न लागणारा आडोसा पुरतो. म्हातारा, वाळलेला, केस कापलेला किंवा भिजलेला असेल तर जरूर घाला. केस तोकडे, चकचकीत राहावेत म्हणून झूल घालत असाल तर लक्षात घ्या, हिवाळी केस येणं थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीवर जास्त ठरतं, त्यासाठी तबेल्यात दिवा लावून 16 तास उजेड ठेवतात आणि तोही केस वाढायच्या आधीपासून.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर बरोबर मापाची झूल घ्या आणि तिला साटीन लावून घ्या. वेण्यांना खर्च नाहीच, त्या सईसाला शिकवा. जाकीट घ्यायचं ते झुलीने खांदा घासत असेल तरच, आणि रोज खरारा करताना झूल काढून त्या जागेवरून बोट फिरवा, केस खरबरीत लागायला लागले की त्याच दिवशी पट्टे परत बघायचे.