ग्रीन स्क्रीनचा 'पूर्ण सेट' घेताय? पैसे देण्याआधी खुर्चीत बसून हात हलवा

कुडाळजवळ घरच्या खोलीत दहावीचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात २८,५०० रुपयांचा ग्रीन स्क्रीन सेट मारला गेला. ग्रीन स्क्रीन म्हणजे मागे लावायचं हिरवं कापड. सॉफ्टवेअर चित्रातला हिरवा रंग काढून त्या जागी हवं ते चित्र बसवतं. सगळा माल उघडून मोजला, तेव्हा जे निघालं ते इथे देत आहोत.

खरी फसवणूक डेमोत झाली. विक्रेत्याने संध्याकाळी येऊन २० मिनिटांत सेट उभा केला आणि लॅपटॉपवर 'याच कॅमेऱ्याची' क्लिप दाखवली. केसांची कड अगदी स्वच्छ, मागे वर्गाचं चित्र. क्लिप पेन ड्राइव्हवरच राहिली होती. तिची प्रॉपर्टी उघडली तर सेकंदाला २४ फ्रेम्स, आणि सेटमधला वेबकॅम ३० शिवाय दुसरं काही देतच नाही. म्हणजे चित्रण दुसऱ्याच कॅमेऱ्याचं. म्हणून डेमो तुमच्या खोलीत, तुम्हालाच खुर्चीत बसवून, थेट करून मागा. केस मोकळे सोडा आणि चेहऱ्यासमोरून हात भरभर हलवा. बोटांभोवती हिरवी कड किंवा भोकं दिसली की व्यवहार तिथेच थांबवा.

कापड '८ बाय १२ फूट मलमल' सांगितलं होतं. आलं ५ बाय ९ फुटांचं नॉनवोव्हन, दुकानात पिशव्या मिळतात त्यातलं. त्याच्या घड्या जात नाहीत. गरम इस्त्री लावली तर ते वितळतं. घडीच्या सावलीत हिरवा रंग काळपट होतो. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा रंग काढणारा क्रोमा की फिल्टर असतो. त्यात हिरव्याच्या किती जवळच्या छटा काढायच्या ते ठरवणारी 'सिमिलॅरिटी' मुळात ४०० असते. ती काळपट पट्टी घालवायला आकडा वाढवत नेला, की पट्टीबरोबर कान आणि केसही जातात. सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. कापडावरचा उजेड एकसारखा नसेल तर रंग काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर (कीअर) हात टेकतं.

दिव्यांच्या खोक्यावर ८५ वॉट छापलेलं, वॉट मीटरवर २३. दिवे दोनच, म्हणजे चेहऱ्याला आणि कापडाला तोच उजेड. निदान दोन दिवे फक्त कापडासाठी, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, आणि एक चेहऱ्यासाठी लागतो. दिवा घेताना फोनच्या स्लो मोशनमध्ये तो पाहा. लुकलुकला तर चित्रणात पट्टे येण्याची भीती आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

वेबकॅमवर 'फोर के' लिहिलेलं, वायर यूएसबी २.० ची. ती वायर फोर केपेक्षा लहान १०८० चं ३० फ्रेम्सचं चित्रसुद्धा न दाबता (कॉम्प्रेस न करता) नेऊ शकत नाही. त्याला सेकंदाला सुमारे १२४ एमबी लागतात. दाबताना रंगाची माहिती सर्वात आधी कापली जाते, बहुधा चार पिक्सेलला एकच रंग उरतो. 'की', म्हणजे हिरवा काढण्याची क्रिया, तर रंगावरच चालते, म्हणून कड पायऱ्यांसारखी तुटते. चांगल्या फोनचा मागचा कॅमेरा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून, याहून कितीतरी बरा.

पेन ड्राइव्हवर 'लाइफटाइम' सॉफ्टवेअर होतं, सोबत अँटिव्हायरस बंद करायची सूचना. चोरीची प्रत, आणि त्याचे ६,००० रुपये लावलेले! याची चीड येते, कारण ओबीएस फुकट आहे आणि दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही डेल्टा कीअर मिळतो.

कोकणातल्या घरांसाठी आणखी थोडं. 'भिंतच हिरवी रंगवून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. पीव्हीसी पाइपची चौकट करून कापड भिंतीपासून चार बोटं पुढे, फूट-फूट अंतरावर क्लिप लावून ताणा. काम झालं की घडी न घालता पाइपवर गुंडाळा. ट्रंकेत ठेवलं तर बुरशी धरते. माणूस कापडापासून ५-६ फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक मानेवर चढते. खिडकीबाहेर आंबा-फणसाची गर्दी असेल तर तिथूनही हिरवट उजेड येतो, पडदा लावा. हिरव्या बांगड्या काढायच्या नसतील तर निळं कापड घ्या. विक्रेत्याने हे विचारलंच नाही, आणि बाईंच्या व्हिडिओत मनगटाच्या जागी फळा दिसत होता.

'बिल नको असेल तर २,००० कमी' हे ऐकू आलं की सावध व्हा. बिल घ्याच, खोकं फोडतानाचं चित्रण करा, व्हॉट्सॲपवरचे दावे जपून ठेवा. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

त्या सेटमधले दोन स्टँड तेवढे कामाचे आहेत. खाऱ्या हवेने स्क्रू गंजायच्या आत त्यांना तेल लावून ठेवलंय.